बक 119 स्पेशल: हंगामभर वापरल्यानंतर धार, टोक आणि मूठ यांविषयी

शिकारी सुरी म्हटलं की अमेरिकेत बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर येते ती बक कंपनीची 119. काळी गुळगुळीत मूठ, दोन्ही टोकांना ॲल्युमिनियम, वर वळत गेलेलं लांब टोकदार पातं. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा हंगाम आणि त्यानंतरचे कित्येक महिने घरी मांस तोडण्यात ही वापरून माझं मत पक्कं झालंय: हिची धार फार विचारपूर्वक केलेली आहे, पण बहुतेक लोक जे काम डोक्यात ठेवून ही घेतात, म्हणजे पोट फाडणं, त्यातच ती सर्वांत कमी पडते. जनावराचे मोठे भाग सुटे करायला मात्र या किमतीत हिच्यासारखी सुरी क्वचित मिळेल.

मापं आधी सांगतो. पातं 6 इंच, म्हणजे 152 मिमी. एकूण लांबी साडेदहा इंच, वजन साधारण 210 ग्रॅम. मूठ फिनॉलिकची, म्हणजे राळेपासून केलेल्या कडक प्लॅस्टिकची. पात्यावर जी लांब खाच आहे तिला लोक रक्ताची खाच म्हणतात, पण रक्ताशी तिचा काही संबंध नाही. तिच्यामुळे थोडं वजन कमी होतं, बाकी ती दिसायला आहे.

या सुरीचं मूळ लोहारकामात आहे. होइट बक हा कॅन्ससमध्ये लोहाराच्या हाताखाली शिकणारा मुलगा. पोलादाला पाणी कसं द्यावं, तापवून-विझवून कडक कसं करावं, म्हणजे अवजाराची धार टिकेल, या खटपटीतून त्याने 1902 मध्ये पहिली सुरी केली. झिजलेल्या कानशी हा त्याचा कच्चा माल. पुढे तो धर्मोपदेशक झाला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना सुऱ्यांची टंचाई भासली, तेव्हा आयडाहोमधल्या माउंटन होम गावी चर्चच्या तळघरात भट्टी लावून त्याने सुऱ्या घडवल्या. युद्धानंतर तो सॅन डिएगोला मुलाकडे, अल बककडे गेला आणि बापलेकांनी मिळून धंदा मांडला. 2005 मध्ये कारखाना पुन्हा आयडाहोत, पोस्ट फॉल्सला आला. इतकं सांगायचं कारण असं की आजच्या 119 मध्येही मोल आहे ते पाणी देण्याचं. पोलादाचं नाव तिथे दुय्यम ठरतं.

हे पोलाद 420एचसी. कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आत, क्रोमियम 13 टक्क्यांच्या आसपास. कागदावर अगदी साधं. पण पोलादाला पाणी देण्यातले जाणकार पॉल बॉस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने तापवून, विझवून, शून्याखाली गोठवून आणि पुन्हा टेम्पर करून (बेताच्या उष्णतेवर तापवून ठिसूळपणा घालवून) ते रॉकवेल या कडकपणाच्या मापावर 58 च्या घरात नेतात. हेच पोलाद इतर स्वस्त सुऱ्यांत मऊ ठेवलेलं असतं आणि दोन सांधे कापले की धार लोळते. इथे तसं होत नाही. पोलादाच्या भुकटीपासून केलेल्या महागड्या पावडर पोलादांइतकी धार टिकणार नाही हे खरं, पण एक अख्खं हरीण सोलून त्याचे भाग पाडेपर्यंत ती नीट कापते, आणि उतरली तर पाच-सात मिनिटांत परत चढते. रानात मला हे दुसरंच जास्त उपयोगी वाटतं.

आता धारेची घडण. पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं आहे, म्हणजे गोल चाकावर घासून बाजू आत घेतल्यात. त्यामुळे पाठ जाड राहते, पण धारेच्या लगेच मागे पातं फार पातळ होतं. त्या पातळ कडेला कारखान्यातून दर बाजूला 13 ते 16 अंशांचा कोन दिलेला असतो. म्हणून कातडं आणि मांस यांतून ती जोर न लावता जाते. खोल कापताना मात्र वरचा जाड भाग अडतो, बटाटा चिरताना फोड फुटते तसा. आणि हाडावर ठोकलीत तर धार मुडपेल किंवा टवका जाईल. ओटीपोटाचं हाड आणि छातीचं हाड यांना छोटी करवतच लागते, या सुरीच्या पाठीवर लाकूड मारून ते काम करू नये.

टोक क्लिप पॉइंट आहे, बोवी या मोठ्या अमेरिकन सुरीच्या घराण्यातलं. पाठ पुढे खाली कापत नेल्यामुळे टोक बारीक आणि उंच राहतं. भोसकायला उत्तम, पण पोट फाडताना हेच टोक आतड्याला लागतं आणि मांस नासतं. 119 नेच करायचं असेल तर छातीच्या हाडाखाली कातड्याची चिमूट उचलून लहान छेद घ्या, डाव्या हाताची दोन बोटं आत घालून कातडं वर ताणा, त्या बोटांच्या मध्ये धार वर करून टोक ठेवा आणि आतून बाहेर कापत जा. आतून बाहेर कापण्याचा आणखी एक फायदा: केसांत धूळ-वाळू अडकलेली असते आणि वरून कापलं की धार तिथेच बोथट होते. ड्रॉप पॉइंटच्या, म्हणजे पाठ हळूहळू उतरत जाऊन टोक खाली असलेल्या, छोट्या सुरीला मात्र यातली निम्मी काळजीही लागत नाही.

हरीण टांगल्यावर चित्र पालटतं. पुढचा पाय धडाला फक्त स्नायूंनी जोडलेला असतो, सांधा नसतोच. पाय बाहेर ओढून काखेत सहा इंचांचं पातं घातलं की तीन-चार लांब ओढींत तो सुटा होतो. मागच्या पायाला खुब्याची वाटी सापडेपर्यंत हाडाला धरून कापत जायचं आणि टोकाने आतला बंध तोडायचा. पाठीचे लांब मांसल पट्टे काढताना पात्याची लांबी फार कामी येते, करवतल्यासारखे दाते पडत नाहीत.

मूठ रक्त-चरबीने ओली झाली की निसरडी होते, त्यामुळे पुढचा गार्ड, म्हणजे हात पात्यावर घसरू न देणारा मुठीपुढचा आडवा भाग, जरुरीचाच आहे. पण त्याच गार्डमुळे बारीक कामात बोट पात्यावर पुढे घेता येत नाही. सोलताना हे सारखं जाणवतं.

धार लावताना सगळ्यात जास्त घोटाळा कोनाचा होतो. पात्याच्या रुंदीच्या साधारण चौथ्या भागाइतकी पाठीची मध्यरेषा दगडापासून वर आली की 15 अंश होतात. काठावर मार्कर फिरवा आणि दोन ओढी घ्या. शाई फक्त पाठीकडच्या कडेची गेली तर पाठ उचला, फक्त अगदी धारेची गेली तर पाठ खाली घ्या. 600 ग्रिटच्या (कणांच्या बारीकपणाचं माप) डायमंड प्लेटवर एका बाजूला मुठीकडच्या टाचेपासून टोकापर्यंत सलग बर, म्हणजे धारेवर वळलेली धातूची बारीक कड, उमटेपर्यंत घासा, मग दुसरी बाजू. टोकाकडच्या गोलाईवर मूठ हळूहळू उचलावी लागते, नाहीतर तिथे दगड लागतच नाही आणि नेमका सोलणारा भाग बोथट राहतो. मग 1000 च्या दगडावर अगदी हलक्या, आलटूनपालटून ओढी आणि शेवटी हिरवं कंपाउंड (घासण्याचं बारीक मेण) लावलेल्या चामड्यावर. या पोलादाची बर चिवट असते. ती राहिली तर सुरी कागद झकास कापते आणि पहिल्या कातड्यातच बोथट होते. खोलगट पातं जसजसं झिजेल तसतशी धारेमागची जाडी वाढते, हेही लक्षात असू द्या. म्हणून रोज दगड नको, बहुतेक वेळा चामडं पुरतं.

हरणांमध्ये सीडब्ल्यूडी (मेंदू आणि मज्जासंस्थेचा जीवघेणा रोग) आढळणाऱ्या भागात असाल तर पाठीचा कणा आणि मेंदू कापू नका. नंतर पात्यावरचा मांसाचा कण न् कण धुऊन काढा, कारण ब्लीच त्याच्या आत शिरत नाही. मग चार भाग घरगुती ब्लीच आणि सहा भाग पाणी यांत पातं पाच मिनिटं ठेवून लगेच खळखळून धुवा आणि पुसा. ब्लीच ॲल्युमिनियमला खातं, तेव्हा गार्ड बुडवू नका. म्यान चामड्याचं असेल तर सुरी त्यात घालून कपाटात ठेवू नये, चामडं ओल धरतं आणि स्टेनलेसवरही ठिपके पडतात.

भारतातल्या वाचकांसाठी: 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे तिथे या सुरीचं मूळ कामच उरत नाही, आणि मटण तोडायला खाटकाची साधी सुरी हिच्यापेक्षा सोयीची. अमेरिकेत एकच सुरी घेणार असाल तर याच कंपनीची पाच इंची 105 पाथफाइंडर किंवा ड्रॉप पॉइंटची व्हॅनगार्ड बघा. छोटी सुरी आधीच कमरेला असेल तर 119 जरूर घ्या.