मेण उत्तम, पण आधी मीठ काढा

धातूला गंजण्यापासून जपणाऱ्या रेनेसाँ वॅक्स या मेणाची 65 मिलीची डबी चौथ्या वर्षीही अर्ध्याच्या वर शिल्लक आहे. लोखंडी अशनींचे, म्हणजे आकाशातून पडलेल्या लोखंडाचे, माझ्याकडे अकरा तुकडे; त्यातल्या सातांना दोन-दोन हात झाले, एकाला चार. एवढंसं मेण इतकं पुरतं. झाकण घट्ट लावायचं राहिलं की वरचा थर घट्ट होऊन कडांपासून सुटतो, डबीबद्दल एवढी एकच कुरबुर, आणि तोही माझाच विसराळूपणा. पाचपैकी साडेचार तारे देतो. तरी हा रिव्ह्यू लांबणार आहे, कारण पहिल्या वर्षी मी याच मेणाला एक तारा देऊन मोकळा झालो असतो. चूक मेणाची नव्हतीच.

त्या चुकीचं नाव कँपो देल सिएलो, वजन 312 ग्रॅम. अर्जेंटिनात पडलेल्या लोखंडी अशनींचा हा सडा चार-पाच हजार वर्षं मातीत पडून होता, आणि गंजण्याच्या बाबतीत संग्राहकांमध्ये तो चांगलाच बदनाम आहे. माझा तुकडा आला तेव्हा मात्र चकचकीत होता. तारेच्या ब्रशने घासून, वर तेल पुसून पाठवलेला. आता असा चकचकीत कँपो दिसला की मला आधी शंका येते. तेव्हा आनंद झाला होता.

आठ महिन्यांनी मुलगी कपाटापाशी उभी राहून म्हणाली, "बाबा, तुझ्या दगडाला घाम आलाय."

खरंच आला होता. एका खळग्यात टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी थेंब, फुगीर, वर पातळ साय धरल्यासारखं कवच. भिंग लावून टूथपिकने एक टोचला तर कवच फुटलं आणि आतून पिवळट ओल निघाली. निळा लिटमस टेकवला, तो लाल झाला. इथे थांबून विचार करायला हवा होता. मी थेंब पुसले, मेणाचा हात दिला, मऊ कापडाने चकाकवलं आणि तुकडा परत कपाटात ठेवला.

तीन आठवड्यांनी त्याच जागी नखाएवढी खपली उचलून आली. ती चिमट्यात धरून उलटीसुलटी केली. वरच्या बाजूला मेणाची झिलई जशीच्या तशी. खालच्या बाजूला ओलसर केशरी भुकटी. मेणाने आपलं काम चोख केलं होतं. फक्त त्याला चिकटायला दिलेला पृष्ठभागच आतून सुटत होता.

हे असं का होतं, ते कळायला मला बरंच वाचावं लागलं. जुनी समजूत अशी की अशनीत मुळातच लॉरेन्साइट नावाचं लोहाचं क्लोराइड असतं आणि तेच अशनीला आतून पोखरतं. संग्राहक अजूनही "लॉरेन्साइटचा रोग" म्हणतात. 1989 मध्ये बुखवाल्ड आणि क्लार्क यांनी अंटार्क्टिकातल्या अशनी तपासून दाखवलं की क्लोराइड बाहेरून, इथल्याच मातीपाण्यातून शिरतं आणि अकागेनाइट नावाच्या गंजाच्या प्रकारात अडकून बसतं. म्हणजे दोष आकाशातून येत नाही, जमिनीत पडून राहिल्यावर लागतो. ओल मिळाली की क्लोराइडमुळे लोखंड विरघळतं, हवेतल्या ऑक्सिजनने त्याचा गंज बनतो, बनताना आम्ल सुटतं, ते आम्ल पुढचं ताजं लोखंड खातं. या सगळ्यात क्लोराइड खर्चच होत नाही. ते गंज आणि धातू यांच्या सांध्यावर बसून पुन्हा तेच करत राहतं. मुलीने पाहिलेला घाम म्हणजे हेच आम्लट द्रावण.

म्हणून वरून काहीही फासलं तरी आतलं मीठ, म्हणजे हे क्लोराइड, आतच राहणार. ते बाहेर काढायची माझी पद्धत जुनी आहे. पुरातत्त्ववाले उत्खननातल्या लोखंडासाठी वापरतात तीच. डिस्टिल्ड पाण्यात एका लिटरला 20 ग्रॅम कॉस्टिक सोडा. सोडा पाण्यात हळूहळू घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही. द्रावण चांगलंच तापतं. हातमोजे आणि डोळ्यांवर बंदिस्त चष्मा, याला पर्याय नाही. भांडं प्लास्टिकचं, ॲल्युमिनियम आसपासही नको, कारण कॉस्टिकशी त्याचा हायड्रोजन वायू तयार होतो. बरणी काठोकाठ भरून झाकण घट्ट, म्हणजे आत हवा कमी राहते. आत टाकण्याआधी सुटलेल्या सगळ्या खपल्या पितळी ब्रशने काढल्या होत्या.

दर दोन आठवड्यांनी द्रावण बदलायचं, आणि जुन्यातलं थोडं परीक्षानळीत घेऊन क्लोराइड किती निघालं ते बघायचं. आधी नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून ते आम्लधर्मी करायचं, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. आम्ल विसरलात तर तपकिरी साका बसतो आणि काहीच कळत नाही. मी पहिल्यांदा तेच केलं. शिवाय बोटांवर पडलेले काळे डाग आठवडाभर मिरवले. दुसऱ्यांदा नीट केलं तेव्हा नळी एकदम दुधासारखी पांढरी झाली. सिल्व्हर क्लोराइड! एवढं मीठ या मुठीत मावणाऱ्या लोखंडात होतं आणि मी वरून मेण चोळत बसलो होतो. चौथ्या बदलाला नुसतं धुकं उरलं, सहाव्याला नळी स्वच्छ. बारा आठवडे गेले. त्यानंतर डिस्टिल्ड पाण्याच्या पाच-सहा धुवण्या, मग 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोन बुड्या, प्रत्येकी एक दिवस, म्हणजे भेगांतलं पाणी अल्कोहोलबरोबर निघून जातं. तुकडा मोकळ्या हवेत पूर्ण सुकवून अल्कोहोलचा वास गेल्यावरच 100 अंशांच्या ओव्हनमध्ये. वास असताना ओव्हनमध्ये ठेवणं म्हणजे आग मागून घेणं. वजन भरलं 301.2 ग्रॅम. अकरा ग्रॅम गंज गेला.

आता मेण. मायक्रोक्रिस्टलाइन मेण आणि पॉलिथिलीन मेण व्हाइट स्पिरिटमध्ये मुरवलेलं हे मिश्रण 1950च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झालं. त्याआधी संग्रहालयांत मधमाशांचं मेण, कार्नौबा असली नैसर्गिक मेणं चालायची, पण त्यांच्यात आम्लं असतात. लाकडाला ती एक वेळ चालून जातील. धातूच्या अंगाला आम्ल लावून ठेवायचं म्हणजे चोराच्या हातात किल्ल्या.

लावताना कमी घ्या, याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. तुकडा हाताला कोमट लागेल इतपतच गरम असावा. मेणातलं द्रावक पेट घेणारं आहे, खिडकी उघडी ठेवा. सपाट कापावर बोटाला गुंडाळलेल्या सुती कापडाने पातळ पुसट हात, मिनिटाभरात दुसऱ्या कापडाने चकाकी. खळग्यांवाल्या बाहेरच्या अंगाला मात्र कापड चालत नाही. अंगठ्याने दाबल्यासारखे ते खळगे मेण धरून ठेवतात आणि सुकल्यावर तिथे पांढरे कोपरे दिसू लागतात. मी जुन्या टूथब्रशने मेण लावतो, दुसऱ्या कोरड्या ब्रशने काढतो. पांढरं राहिलंच तर व्हाइट स्पिरिटने ओल्या केलेल्या ब्रशने ते निघतं. हे मेण मला पटलं ते इथेच: लावलेलं परत काढता येतं. रंग बदलत नाही, बोटांचे ठसे उठत नाहीत, आणि हातात घेतल्यावर तुकडा धातूसारखाच गार लागतो, प्लास्टिकसारखा नाही.

क्लिअर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, अनुभव याच्या बरोबर उलट. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. माझ्याकडे मुओनिओनालुस्ताचा 3 मिमी जाडीचा काप आहे, 84 ग्रॅम. स्वीडनच्या उत्तर टोकाला 1906 मध्ये सापडलेल्या या अशनीची नक्षी पाहत राहावी अशी: कमी निकेलच्या कॅमेसाइटच्या पट्ट्या आणि त्यांच्यामधून जास्त निकेलच्या टेनाइटच्या चमकत्या रेघा, तिरक्या एकमेकींना छेदत जाणाऱ्या. लाखो वर्षं संथपणे थंड होत गेलेल्या धातूतच ही व्हिडमनश्टेटन नक्षी उमटते. विक्रेत्याने त्यावर लॅकर मारून दिला होता आणि "आता काळजी नाही" असं कळवलं होतं. वर्षभरात काठावरून केसासारख्या तपकिरी रेघा लॅकरखालून आत सरकू लागल्या, वाळवी चालावी तशा वाकड्यातिकड्या. पापुद्रा वरून अखंड, आणि त्याच्या आड लोखंड खाल्लं जातंय. तो लॅकर ॲसिटोनने काढायला दोन संध्याकाळी गेल्या, आणि पुन्हा घासून, एचिंग करून, म्हणजे धातू खाणाऱ्या द्रावणाने, नक्षी उठवून घ्यावी लागली. ते काम मी बाहेरून करून घेतलं. कारागिराला आधी एकच विचारलं, एचिंग कशाने करता? फेरिक क्लोराइड म्हणाला असता तर परत आलो असतो, कारण ज्याला बाहेर काढायला बारा आठवडे लागतात तेच क्लोराइड ते आयतं आत घालतं. तो नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं नायटल वापरतो आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारतो. काम छान केलं.

गंज काढायच्या तयार द्रवांबद्दल थोडक्यात: फॉस्फोरिक आम्लवाले घेऊ नका. गंजाचा काळा फॉस्फेट करून टाकतात आणि अशनी रंगवलेल्या गजासारखी दिसायला लागते. आम्ल नसलेले, लोहाला पकडून ओढून काढणारे द्रव सौम्य आहेत, कँपोच्या कुरूप बुडासाठी मीही वापरले, पण गंज कुठला आणि मूळ कवच कुठलं हे त्यांना कळत नाही. माझ्या एका मित्राने सिखोते-अलिनचा तुकडा असल्या द्रवात रात्रभर ठेवला. 12 फेब्रुवारी 1947 रोजी रशियाच्या अतिपूर्वेला पडलेलं हे लोखंड, त्यावर वातावरणातून येताना वितळून बनलेलं निळसर राखाडी पातळ कवच, त्यात वाहत्या धातूच्या बारीक सुरकुत्या. सकाळी हातात आला तो भंगारातल्या ओतीव लोखंडासारखा एकसुरी करडा गोळा. "गंजाचे दोनच ठिपके होते रे," एवढंच तो म्हणाला. दोन ठिपक्यांसाठी काडी आणि थेंबभर तेल पुरलं असतं.

दगडी अशनींना, कॉन्ड्राइटना, यातलं काहीच करू नका. त्या सच्छिद्र असतात, द्रावण आत मुरतं आणि अभ्यासासाठी त्यांची किंमत संपते. त्यांना फक्त कोरडेपणा द्या. पॅलासाइटच्या, म्हणजे लोखंडात ऑलिव्हिन या खनिजाचे खडे जडलेल्या अशनींच्या, वाटेलाही मी जात नाही; गंजलेल्या पॅलासाइटमध्ये कधी कधी ऑलिव्हिनचे खडे त्या गंजानेच धरून ठेवलेले असतात.

वर कापलेला अर्धा तारा कशाचा, ते सांगायचं राहिलं. मेणाचा थर हवेतल्या पाण्याच्या वाफेला रोखून धरत नाही, फक्त उशीर लावतो. ते काम ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचं. नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये अंटार्क्टिकातल्या अशनी कोरड्या नायट्रोजनच्या कपाटांत ठेवतात. आपल्याला तेवढं झेपणारं नाही, पण रबरी कड असलेला हवाबंद डबा, तळाला सिलिकाचे दाणे आणि एक छोटा आर्द्रतामापक जमतो. क्लोराइड असलेल्या लोखंडासाठी आर्द्रता 20 टक्क्यांच्या खाली हवी. निळे दाणे टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला बरं नाही. माझे केशरी आहेत, ओल पिऊन हिरवे होतात. मग 120 अंशांवर दोन-तीन तास, की परत केशरी. तुकडा उघड्या कपाटात दिमाखात ठेवायचा असेल तर मेणाच्या भरवशावर राहू नका. मलाही तो काचेच्या कपाटात, दिव्याखाली हवा होता. आता डब्यात असतो, कोणी आलं की काढून दाखवतो. दाखवणाऱ्याने सुती हातमोजे घालायचे, कारण बोटांच्या घामातही मीठच असतं. पाहुण्यांना ते नाटकी वाटतं, वाटू दे.

कँपोचं वजन परवा भरलं, 301.2. तीन वर्षांत दशांशाचाही फरक नाही, एकही थेंब नाही. मुओनिओनालुस्ताच्या खालच्या काठावर मात्र ट्रॉयलाइटच्या (लोह-गंधकाच्या खनिजाच्या) गाठीशेजारी तपकिरी ठिपका दिसतोय, मिलिमीटरभर. फोटो काढून तारीख टाकून ठेवली आहे. महिन्याने वाढलेला दिसला तर मेण व्हाइट स्पिरिटने उतरवायचं आणि काप बरणीत. कॉस्टिक आणून ठेवला आहे, सिल्व्हर नायट्रेट संपलंय.