.२२ ची एअरगन घेतली होती, आठ महिन्यांनी सशांसाठी .१७७ वर आलो

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. माझी छऱ्याची बंदूक स्प्रिंगची, नळी मोडून भरायची, ताकद १२ फूट-पाउंड म्हणजे साधारण १६ ज्यूल. पीसीपीवाल्यांचा (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या बंदुका) हिशेब वेगळा असतो, त्यांनी हा अनुभव स्वतःला लावून घेऊ नये.

.२२ घेताना माझा विचार सरळ होता. .२२ म्हणजे ५.५ मिमी, .१७७ म्हणजे ४.५. ५.५ मिमीच्या छऱ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ ४.५ मिमीवाल्याच्या जवळजवळ दीडपट, म्हणजे घाव मोठा. कोठारातल्या उंदरांवर, १०-१५ मीटरवरून, ते पहिल्याच आठवड्यात पटलं. छर्रा लागला की उंदीर जागेवरच. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी बेधडक .२२ सांगितली असती.

मग सशांचा हंगाम आला. स्कोप २५ मीटरला झिरो केलेला, म्हणजे तेवढ्या अंतरावर छर्रा बरोबर नेमावर लागेल असा जुळवलेला. संध्याकाळी कुंपणाच्या कडेला ससा दिसला, अंतर तीस मीटर धरलं आणि घोडा दाबला. नंतर मोजलं तर छत्तीस भरलं. छर्रा मेंदूऐवजी खाली जबड्यात लागला आणि ससा बिळात शिरला. अंधार पडेपर्यंत मी बिळाच्या तोंडाशी बसून होतो. गवतावर रक्ताचे चार थेंब आणि राखाडी केसांचा एक पुंजका, बाकी काही नाही. जनावर जखमी होऊन निसटलं, आणि त्याला जबाबदार मीच. हे अजून मनातून जात नाही.

तरीही दोष कॅलिबरचा (छऱ्याच्या जाडीचा) असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. ते कळलं बंदूक बिघडल्यावर. पाचव्या महिन्यात नळी मोडताना आतून कट्‌ असा आवाज आला, मग खरखर सुरू झाली आणि २५ मीटरवर छरे खाली पडू लागले. मेनस्प्रिंग तुटली होती. सर्व्हिसवाल्यांनी बंदूक नीट उघडायच्या आधीच सांगितलं, "रिकामी उडवली असणार." छर्रा न घालता उडवली तर पिस्टन पुढे जोरात आदळतो, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी एकदाही तसं केलेलं नाही. वॉरंटी नाकारली, पैसे घेतले आणि वर सहा आठवडे लावले. याचा राग आहे आणि राहील.

त्या सहा आठवड्यांत भावाची .१७७ वापरली. मॉडेल तेच, ताकद तीच. १२ फूट-पाउंडात ८.४ ग्रेन वजनाचा .१७७ चा छर्रा सेकंदाला ८०० फुटांनी सुटतो, १५.९ ग्रेनचा .२२ जेमतेम ५८० ने. आकडे आधीही वाचले होते, पण कागदावर भोकं पाहिली तेव्हा अर्थ लागला. २५ ला झिरो करून ४० मीटरवर .१७७ पाच-सहा सेंटीमीटर खाली गेली. माझी बंदूक दुरुस्त होऊन आल्यावर तिचंही तसंच पाहिलं, तर दहा-अकरा. सशाच्या डोळ्या-कानामधली मेंदूची जागा असते अडीच-तीन सेंटीमीटरची. अंतराचा अंदाज चुकायचा तेवढा चुकतोच, पण .१७७ मध्ये त्या चुकीची शिक्षा जवळजवळ निम्मी होते. त्या संध्याकाळी हाच फरक मला हवा होता.

आता .१७७ चं दुखणं, आणि ते मला फार छळतं. तो छर्रा! गार पडलेल्या बोटांत तो टिकतच नाही. एक हात नळीला, दुसऱ्याच्या चिमटीत छर्रा, आणि तो उलटा फिरतो किंवा गवतात पडतो. पडला की मागची पातळ कड चेपते, आणि चेपलेला छर्रा नळीत नीट बसत नाही, कुठेही जातो. आता डबा आणला की दिव्याखाली एकेक छर्रा फिरवून पाहतो. पाचशेच्या शेवटच्या डब्यातून ३७ चेपलेले निघाले. फेकवत नाहीत, म्हणून नळी साफ केल्यावरच्या पहिल्या दोन-चार बारांना वापरतो. .२२ चा छर्रा अंगठ्याने सहज बसतो, डोळे मिटूनही.

उंदरांवर मात्र .१७७ ने निराश केलं. जवळून छातीत लागलेला छर्रा आरपार गेला आणि उंदीर पोत्यांमागे पळाला. म्हणून .२२ विकली नाही, ती पंधरा मीटरला झिरो करून कोठारासाठी ठेवली आहे.

सशांसाठी आता .१७७ च, नेम फक्त डोक्यावर, आणि तोही बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून. स्प्रिंगची बंदूक घट्ट आवळून धरायची नाही, हेही याच काळात अंगवळणी पडलं. कुंपणाच्या कडेने टेपने मोजून २०, २५ आणि ३० मीटरवर चुना लावलेले दगड ठेवले आहेत. शेवटच्या दगडापलीकडे ससा बसला असेल तर बंदूक उचलत नाही. अंतर मोजायचा रेंजफाइंडर घ्यायचा आहे, तोवर दगडांवरच काम चालू आहे.