रिओ पीएमपी ३००: ३२ एमबीत ख्याल मावतो का?

डायमंड मल्टिमीडियाचा रिओ पीएमपी ३०० हा १९९८ सालचा एमपीथ्री प्लेअर. तेव्हा अमेरिकेत किंमत २०० डॉलर. आता जुन्या मालात मिळाला तर मिळतो. घ्यायचा की नाही हे ठरवताना रंगरूप नंतर बघा. आधी आपण काय ऐकतो आणि ते किती मिनिटांचे असते, याचा हिशेब घाला.

आत मेमरी ३२ एमबी. १२८ केबीपीएस बिटरेटच्या, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट घेणाऱ्या, फाइलला सेकंदाला १६ केबी लागतात, म्हणजे मिनिटाला जवळजवळ एक एमबी. एकूण मावतात ३४-३५ मिनिटे. चार-चार मिनिटांची आठ भावगीते भरली की नववीला जागा नाही. अल्लादिया खाँसाहेब जिथे दरबारगायक होते आणि देवल क्लब ही गायनसंस्था १८८३ पासून उभी आहे, त्या कोल्हापुरात ऐकणाऱ्याची भूक वेगळी. अर्ध्या तासाचा ख्याल एकटाच २९ एमबी घेतो. पाऊण तासाचा बसतच नाही. त्यासाठी स्मार्टमीडिया हे जादा मेमरीचे कार्ड घालूनही उपयोग नाही, कारण आतली मेमरी आणि कार्ड हे दोन स्वतंत्र कप्पे आहेत. एक फाइल दोन्हींत वाटून ठेवता येत नाही.

उपाय बिटरेटमध्ये आहे. ९६ केबीपीएसला ४६ मिनिटे मावतात, पण स्टिरिओत तानपुऱ्याचा झंकार पाणचट होतो आणि तो कानाला सलतो. जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे बहुतेक मोनोच असतात, तेव्हा एन्कोड करतानाच, म्हणजे एमपीथ्री फाइल बनवतानाच, मोनो निवडा. ६४ केबीपीएस मोनोला जवळपास ७० मिनिटे मिळतात आणि आवाज भरीव राहतो. केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएम तबकड्यांसाठी तर हे माप नेमके आहे. तीन मिनिटांची बाजू १४ लाख ४० हजार बाइटची होते. अशा तेवीस बाजू या प्लेअरमध्ये राहतात. एक बाजू एका फ्लॉपीतही बसते, हे त्या काळी फार कामाचे होते.

कामाचे अशासाठी की डाउनलोड हीच खरी अडचण होती. ५६ के मॉडेमचा आकडा किलोबिटचा. आठाने भागले की ७ केबी, आणि प्रत्यक्षात सेकंदाला साडेचार-पाच केबी हाती येत. चार मिनिटांच्या गाण्याला १४ मिनिटे, अर्ध्या तासाच्या ख्यालाला पावणेदोन तास. पावसाळ्यात तांब्याच्या तारेच्या जोडात ओल शिरली की खरखर वाढते, मॉडेम आपला वेग उतरवतो आणि वेग ३ केबीवर आला की तोच ख्याल दोन तास चाळीस मिनिटे घेतो. मध्येच लाइन तुटली तर राहिलेल्या जागेपासून पुढे उतरवणारा डाउनलोड मॅनेजर हवा, आणि पलीकडच्या सर्व्हरलाही ते जमायला हवे. नाहीतर पुन्हा शून्यापासून.

आता अडचण उलटी आहे. ४० एमबीपीएसच्या लाइनवर तो ख्याल सहा सेकंदांत येतो, पण प्लेअरमध्ये भरायचा कसा? रिओला यूएसबी नाही. तो प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागतो आणि प्लेअरकडचे टोक कंपनीचे खास आहे. मूळ केबल नसेल तर सौदा सोडून द्या. यूएसबी-टू-पॅरलल कनेक्टर चालत नाही, कारण रिओचे सॉफ्टवेअर थेट पोर्टच्या पत्त्याशी बोलते आणि कनेक्टर फक्त प्रिंटर असल्याचे भासवतो. विंडोज ९५ किंवा ९८ आणि बोर्डावरचा खरा एलपीटी म्हणजे पॅरलल पोर्ट असलेला कॉम्प्युटरच लागेल. असा कॉम्प्युटर कोल्हापुरात हवा असेल तर डॉट मॅट्रिक्सवर बिले काढणाऱ्यांकडे विचारा: मार्केट यार्डातली अडत दुकाने, लक्ष्मीपुरीतले जुने व्यापारी. ३२ एमबी भरायला सेकंदाला १०० केबी धरले तर साडेपाच मिनिटे लागतील.

घेताना सेलचे झाकण उघडून बघा. एकच एए पेन्सिल सेल लागतो आणि त्यावर ८ ते १२ तास गाणी चालतात. ही बाजू आजही कौतुकाची. झाकणाचा खाचा तुटलेला नसावा. पत्र्यांवर पांढरट-हिरवट थर असेल तर तो गळलेल्या अल्कलाइन सेलचा. कापसाच्या बोळ्याने थोडे व्हिनेगर लावा, मग मोबाइल दुरुस्तीवाल्याकडच्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच सेल घाला. कार्ड ३.३ व्होल्टचे घ्या. रिओ ते आपल्या पद्धतीने फॉरमॅट करतो, त्यामुळे कॅमेऱ्यातले जुने कार्ड यात घालू नका. नंतर कॅमेरा ते ओळखेलच असे नाही.

अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने या प्लेअरवर खटला भरला होता. जून १९९९ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल डायमंडच्या बाजूने लागला आणि पुढच्या प्लेअरांची वाट मोकळी झाली. म्हणून संग्रहासाठी तो जरूर घ्यावा. रोज ऐकायला मात्र यूएसबीला लागणारा, कार्ड घेणारा नंतरचा प्लेअर बघा. रिओच हवा असा हट्ट असेल तर याचाच ६४ एमबीचा एसई प्रकार शोधा. त्यात १२८ केबीपीएसला सुमारे ७० मिनिटे मावतात, म्हणजे पाऊण तासाचा ख्याल बिटरेट न उतरवता पूर्ण ऐकता येतो आणि वर एखादी ठुमरीही बसते.