रिफंड दादाच्या खात्यात, ई-मेल एजंटचा

ट्रकवाल्यांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरून देणारे एजंट निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरापासून चाकणपर्यंत जागोजागी भेटतात. सगळेच लबाड नसतात. पण "फी नको, रिफंड आला की तीस टक्के द्या" म्हणणारा भेटला, तर त्याच्या हातात पॅन आणि आधार देण्याआधी माझ्या थोरल्या भावाचं काय झालं ते वाचा.

दादाच्या नावावर दोन जुने दहाचाकी आहेत. एक तो स्वतः चालवतो, दुसऱ्यावर ड्रायव्हर. आरसीवर दोन्हींचं भरलेल्या गाडीचं वजन २५ टन. भाडं देणाऱ्या पार्ट्या बिलातून एक टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापायच्या. २०२२-२३ मध्ये चाळीस लाखांची बिलं झाली, म्हणजे ४०,००० कापले गेले. एजंटने ते सगळेच्या सगळे परत आणून दाखवले. दादाने खुशीत १२,००० रोख मोजले, पावती नाही की काही नाही.

आता खरा हिशोब बघा. दहापर्यंत मालगाड्या असणाऱ्याला तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४४एई खाली वह्या न ठेवता ठोक उत्पन्न दाखवता येत होतं. १२ टनांवरच्या गाडीला टनामागे महिना १,००० रुपये धरायचे. २५ टनांच्या गाडीचे वर्षाला तीन लाख, दोघींचे मिळून सहा. दादाची दुसरी काही वजावट नव्हती. त्या वर्षीच्या जुन्या करप्रणालीच्या दरांनी सेससकट कर येतो ३३,८००. म्हणजे हक्काचा रिफंड फक्त ६,२००! एजंटचं कमिशन त्याच्या जवळजवळ दुप्पट.

मग चाळीस हजार आले कसे? आयटीआर-४ या रिटर्नच्या फॉर्ममध्ये गाडीगणिक नंबर, टन आणि महिने लिहावे लागतात. दादाच्या फॉर्मात एकच नंबर होता. दुसरी गाडी एजंटने गाळलीच. उत्पन्न तीन लाखांवर आलं, पाच लाखांच्या आत म्हणून कलम ८७एची सूट लागली, कर शून्य झाला.

हे उघडकीस आणलं बँकेने. तिसऱ्या गाडीच्या कर्जासाठी रिटर्नच्या प्रती दिल्या, तर तिथल्या मॅडमनी विचारलं, "गाड्या दोन आहेत ना तुमच्या? मग इथे एकच कशी?" दादाने तिथूनच एजंटला फोन लावला. "शेठ, सगळ्यांचं असंच भरतो मी. दुसरी नंतर घेतली म्हणून सांगा." त्यानंतर त्याने फोन उचलणंच सोडलं.

आयकर पोर्टलचा पासवर्ड एजंटकडे. आम्ही आधार ओटीपीने तो बदलला आणि प्रोफाइल उघडलं. मोबाईल नंबर एजंटचा, ई-मेल आयडीही त्यानेच बनवलेला. आयकर खात्याचे निरोप तिकडेच जात होते, दादाला पत्ताच नाही. दादाच्या फोनवर आला होता तो फक्त रिटर्न पक्कं करायचा ओटीपी, आणि तो त्याने खेड शिवापूरच्या टोलच्या रांगेत स्टिअरिंगवर बसून एजंटला वाचून दाखवला होता. रिटर्न तयार करणाऱ्याची माहिती भरायची जागा कोरी. कागदोपत्री एजंट नावाचा माणूस नाहीच.

मला सगळ्यात चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. दहापर्यंत गाड्या असलेल्या वाहतूकदाराने पॅनसकट तसं लेखी घोषणापत्र पार्टीला दिलं, तर कायद्याने टीडीएस कापायचाच नसतो. एका पार्टीच्या अकाउंटंटने तो कागद पुढे केला होता. एजंट म्हणाला, "सही करू नका, रिफंड बंद होईल." खोटं बोलला नाही बिचारा. पैसे कापलेच नाहीत तर तीस टक्के कशाचे घेणार?

चिंचवडच्या एका सीएंनी फेब्रुवारी २०२५ मध्ये अपडेटेड रिटर्न, म्हणजे आधीची चूक सुधारणारं रिटर्न, भरून दिलं. ३३,८०० परत भरले, त्यावर व्याज, आणि दोन्हींवर २५ टक्के जादा. मार्च उलटला असता तर ते ५० टक्के झाले असते. खात्याने आधी पकडलं असतं तर चुकीच्या माहितीसाठी कराच्या दुप्पट दंड लागू शकला असता. पुढे १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने खोट्या वजावटी दाखवणाऱ्या रिटर्नांसाठी देशभर १५० ठिकाणी तपासणी केली. भरून देणारे तात्पुरते ई-मेल काढतात आणि मग टाकून देतात, हे खात्यानेच तेव्हा सांगितलं. आमचा एजंट त्यात सापडला असं काही ऐकलं नाही.

तुमचं रिटर्न कुणी भरलं असेल तर आजच पोर्टलवर मोबाईल आणि ई-मेल कुणाचा आहे ते बघा. भरलेला फॉर्म डाउनलोड करून गाड्यांचे नंबर मोजा. २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराची नोंद, काढून कुणी किती कापले तेही पडताळा. रिफंड खात्यात आला म्हणजे रिटर्न बरोबर होतं, असा त्याचा अर्थ नाही. रिफंड आधी येतो, तपासणी नंतरही होते.

दादाने आता सगळ्या पार्ट्यांना घोषणापत्र दिलंय. तरी चाकणच्या एका पार्टीने सवयीने पुन्हा एक टक्का कापलाच. सध्या तो त्यांच्या अकाउंटंटच्या मागे लागलाय.