होंडा जीएक्स ३५ ग्रास कटर: इंजिन चांगलं, पेट्रोल शिळं

बेणणीसाठी खांद्यावरचा ग्रास कटर घ्यायचा असेल तर होंडाचं जीएक्स ३५ इंजिन असलेला घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ३५.८ सीसीचं हे फोर-स्ट्रोक इंजिन आहे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागत नाही, धूर कमी होतो आणि कलमांच्या बागेत उतारावर कसंही तिरकं धरलं तरी चालतं. टू-स्ट्रोकपेक्षा जरा जड वाटतं, तेवढं सोसावं लागतं.

तक्रार येते ती पावसाच्या तोंडावर. महिनोन् महिने पडवीत ठेवलेलं मशीन बाहेर काढलं की दोरी ओढून हात भरून येतात, पण इंजिन काही धरत नाही. बहुतेक वेळा दोष असतो टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पेट्रोलचा हलका, पटकन पेटणारा भाग उडून जातो, उरलेल्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, बारीक भोकांत बसतो. महिन्याहून जुनं पेट्रोल असेल तर आधी ते काढून टाका, मगच दोरीला हात लावा.

ताजं पेट्रोल भरल्यावर कार्बोरेटरखालचा रबरी फुगा दाबत राहा. पारदर्शक परतीच्या नळीतून पेट्रोल जाताना दिसलं पाहिजे. नुसते बुडबुडे येत असतील तर नळीला चीर गेली आहे किंवा टाकीतला फिल्टर तुंबला आहे. नळी जोडाजवळच तडकते, तिथे आधी बघा.

थंड इंजिनाला चोक लावून, म्हणजे कार्बोरेटरची हवेची झडप बंद करून, दोरी ओढायची, गरम इंजिनाला चोक लागत नाही. ही चूक फार होते: गरम मशीन चोक लावून ओढत राहतात आणि ठिणगी पाडणारा प्लग पेट्रोलने ओला होतो. मग स्विच बंद करून प्लग काढावा, पुसून सुकवावा, तो बाहेर असतानाच दोरी चार-पाच वेळा ओढून आतलं पेट्रोल बाहेर घालवावं. प्लग सीएमआर५एच या नंबरचा, ठिणगी पडते ती टोकाची फट ०.६ ते ०.७ मिमी. बसवताना आधी हातानेच फिरवा. टेकल्यावर पान्याने नवा प्लग अर्धा फेरा आणि जुना एक अष्टमांश ते पाव फेरा आवळा. जास्त आवळला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात आणि हा खर्च प्लगच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

चोकवर सुरू होतं आणि चोक उघडला की मरतं, असं असेल तर पेट्रोल कमी पडतंय. कार्बोरेटरमधला डायफ्रॅमचा पातळ पडदा कडक झालेला असतो किंवा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तुंबलेला असतो. पडद्याचं किट बदलणं हा त्यावरचा खरा उपाय. स्क्रू फिरवून तात्पुरतं जमवलेलं मशीन पुन्हा बंद पडतं. दहा मिनिटं चालून थांबत असेल तर टाकीचं झाकण किंचित सैल करून बघा. त्यावर चालू झालं तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.

ऑइल मात्र या इंजिनाचं नाजूक प्रकरण आहे. मावतं अवघं १०० मिली, १०डब्ल्यू-३० ग्रेडचं. त्यातलं ३० मिली कमी झालं तरी ते जवळजवळ तिसरा हिस्सा झालं, म्हणून रोज काम सुरू करण्याआधी मशीन सपाट ठेवून पातळी बघावी. पहिलं ऑइल १० तासांनी, पुढे दर ५० तासांनी बदलावं. एअर फिल्टरचा स्पंज दर २५ तासांनी धुवावा, पण सुकी माती उडत असेल तर त्याआधीच.

हंगाम संपला की टाकी रिकामी करावी, नळीतून पेट्रोल येणं थांबेपर्यंत फुगा दाबावा आणि मगच मशीन टांगावं.