मोटारसायकल टोळ्यांच्या सिनेमांचा डीव्हीडी संच : आठ महिन्यांनंतर

चार नंबरची डिस्क परवा अडकली. एक्केचाळिसाव्या मिनिटाला चित्राचे चौकोन होतात आणि सगळं थांबतं. विक्रेत्याला फोन केला, तर म्हणतो, "साहेब, जुना माल आहे, सात दिवसांत सांगायचं होतं." दहा सिनेमांचे २,८०० रुपये मोजलेत, म्हणजे एकाला २८०. हे पैसे असे सोडवत नाहीत.

घेणाऱ्यांनी आधी रीजन बघा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते त्याचा नंबर. संच अमेरिकेतला, रीजन १ चा. घरचा प्लेअर त्याला हातच लावेना. शेवटी लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन बदलला. तोही पाचच वेळा बदलता येतो.

पहिले दोन-तीन महिने मी नुसता वैतागलेलो होतो, आणि कारण एकच : गाडी हलत नाही. लांबून रस्ता खरा असतो, पण हिरोचा चेहरा जवळून दाखवायचा झाला की मोटारसायकल स्टुडिओत जागच्या जागी उभी आणि मागच्या पडद्यावर रस्ता पळतोय! हिरो डावीकडे झुकतो, रस्ता मात्र सरळच. टीव्हीवर तो जोड इतका उघडा पडतो की गोष्टीत मनच लागत नाही. त्यात गोष्टही पुन्हा पुन्हा सांगतात. यातले काही सिनेमे काढणारी एआयपी (अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स) कंपनी आधी नाव आणि पोस्टर ठरवायची, पटकथा नंतर. १९५७ चा 'मोटरसायकल गँग' म्हणजे दिग्दर्शक एडवर्ड कान यांनी त्याच वर्षी काढलेला 'ड्रॅगस्ट्रिप गर्ल'च. मोटारींच्या जागी मोटारसायकली. स्टीव्ह टेरेल आणि जॉन ॲशली हे नट दोन्हींत आहेत. एकाच पिठाच्या दोन भाकऱ्यांचे मी वेगवेगळे पैसे दिले, असं वाटलं.

मे महिन्यात भाच्याने प्रोजेक्टर आणला आणि मत फिरलं. गच्चीवर टाकीच्या पाइपाला डबल बेडची चादर बांधली, आवाज एका छोट्या स्पीकरवर. बिल्डिंगची पोरं येत होती, जात होती, चिवडा खात होती. खाली जाऊन पाणी पिऊन आलेल्याला गोष्ट लगेच सापडत होती. तेव्हा कळलं, हे सिनेमे अशाच बघण्यासाठी होते. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत चार हजारांहून जास्त ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसून सिनेमा बघायची उघडी थिएटरं होती. पोरं गाडीत बसलेली, काचेला स्पीकर अडकवलेला, मधेच कोणीतरी खायला आणायला गेलेलं. त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायलाच हवी. आणि वाऱ्याने चादर हलली की मागच्या रस्त्याचा जोड दिसेनासा व्हायचा. उभी गाडी चक्क पळायची.

बिघडलेल्या डिस्कवर नेमका १९६६ चा 'द वाइल्ड एंजल्स' आहे. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन यांनी हेल्स एंजल्स या मोटारसायकल टोळीतली खरी माणसं घेऊन केलेला, हिरो पीटर फोंडा. त्यात गाड्या खऱ्या रस्त्यावर धावतात, आणि तोच गच्चीवर लावायचा राहिलाय.

विक्रेता आता शंभर रुपये परत द्यायला तयार झालाय. मला पैसे नकोत, डिस्क बदलून हवी.