कुत्र्याच्या अंगावरील गाठ आणि रत्नागिरीतील हा दवाखाना

कुत्र्याच्या अंगावरची गाठ चरबीची आहे की कर्करोगाची, हे नुसते हाताने चाचपून ठरवता येत नाही, आणि ते ठरल्याशिवाय या दवाखान्यात सुरी हातात घेतली जात नाही, हे मला त्याचे सर्वांत मोठे मोल वाटते.

आमच्या खंड्याच्या मागच्या मांडीवर लिंबाएवढी गाठ आली, तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी ती चरबीची ठरवून ‘पटकन काढून टाकू’ असे सांगण्यात आले होते. येथे प्रथम सुईने पेशी काढून पाहिल्या, पण अशा गाठींच्या पेशी सुईत अनेकदा पुरेशा येत नाहीत, म्हणून नंतर छोटा तुकडा तपासणीला पाठवला. निदान झाले ते सॉफ्ट टिश्यू सार्कोमाचे, म्हणजे त्वचेखालच्या मऊ ऊतींत उद्भवणाऱ्या कर्करोगाचे.

डॉक्टरांनी घाई न करता समजावून सांगितलेली गोष्ट प्रत्येक श्वानपालकाने ऐकण्यासारखी आहे. या गाठीभोवती पिशवीसारखे आवरण दिसते, पण त्या आवरणातही कर्कपेशी असतात. गाठ त्यातून सोलून काढली, तर मुळे आत राहतात आणि ती पुन्हा वाढते. म्हणून शक्य तेथे चहूबाजूंची दोन ते तीन सेंटिमीटर निरोगी त्वचा आणि खालच्या स्नायूवरील आवरणाचा अखंड थर यांसह ती काढावी लागते, आणि पहिली शस्त्रक्रिया हीच सर्वांत चांगली संधी असते. छातीचा एक्स-रे स्वच्छ आल्यावर त्यांनी मांडीवरचे केस भादरले, मोजपट्टी ठेवून गाठीभोवती पेनाने वर्तुळ आखले, आणि एवढ्याशा गाठीसाठी टाक्यांची रेघ इतकी लांब का येणार, ते आम्हाला तिथेच दिसले. काढलेल्या भागाच्या वरच्या कडेला आखूड आणि बाजूच्या कडेला लांब दोरा बांधून तो फॉर्मॅलिनच्या बरणीत घातला, कारण एखाद्या कडेला कर्कपेशी आढळल्याच, तर ती कोणत्या बाजूची हे प्रयोगशाळेला कळवता आले पाहिजे.

या कर्करोगाच्या आक्रमकतेनुसार तीन श्रेणी असतात; त्यांत गाठ दुसऱ्या श्रेणीची निघाली आणि कडा स्वच्छ आल्या. तिसऱ्या श्रेणीत रोग फुप्फुसांत पसरण्याचा धोका बराच वाढतो. खंड्याच्या बाबतीत तो तुलनेने कमी असल्याने केमोथेरपी गळ्यात मारली गेली नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी तेवढी ठरली. खर्चाचा अंदाज आधीच लेखी दिला होता व बिल त्याच्या आतच आले.

उणिवा दोन आहेत. अहवाल मुंबईहून येईपर्यंत मालकाचा जीव टांगणीला लागतो, आणि त्या काळात दवाखान्याकडून स्वतःहून फोन येत नाही. शिवाय पावसाळ्यात अंगणातल्या ओल्या चिखलापासून टाके कसे जपावेत, याच्या सूचना तोंडी न देता कागदावर द्यायला हव्यात. वेदनेसाठी त्यांनी दिलेलेच औषध द्यावे. माणसांची आयबुप्रोफेन कुत्र्याला विषारी ठरते, हे त्या कागदावर ठळक असावे.

रेडिएशनची, म्हणजे किरणोपचाराची, सोय येथे नाही. लांजा-राजापूरकडून येणाऱ्यांनी फोन करून वेळ घ्यावी, आणि गाठ आधी कोठे काढली असल्यास तो अहवाल बरोबर आणावा. दुसऱ्यांदा किती रुंद कापावे लागेल, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.